मोहाची भट्टी आणि विक्रीचा हक्क

पांढुर्णा व सौंसर हा मुलूख नागपूरच्या पठाराला लागून असलेला, मराठी बोलीचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हे दोन्ही तालुके मध्यप्रदेशात राहिले. २०२३ साली त्यांचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. उत्तरेस सातपुडा चढू लागला की मोहाची झाडे दिसू लागतात. चैत्राच्या पहाटे फुले गळतात, बायामुले ती वेचतात. सुकविलेली फुले भिजवून, आंबवून मडक्यांच्या भट्टीत अर्क काढितात. गोंडांच्या देवकार्यात या धारेला मान आहे. आम्ही मद्यपानाची भलामण करीत नाही; परंतु ज्याच्या हातची वस्तू, त्याच्या हक्काची हकीकत सांगणे इतिहासाचे कर्तव्य आहे.

इंग्रजी अमलात अबकारी हे उत्पन्नाचे मोठे साधन ठरले. आरंभी भट्टीचा मक्ता लिलावात जाई. मक्तेदार तेथेच गाळी व तेथेच विकी. पुढे मध्यवर्ती कारखान्यांतून पुरवठा करणारा कंत्राटदार व दुकानाचा मक्तेदार असे दोन निरनिराळे धनी झाले. १९१५ च्या मध्यप्रांत अबकारी कायद्याने परवान्याविना गाळणे व विकणे हा गुन्हा ठरविला. फुले वेचणारा आदिवासी मात्र या सर्व साखळीबाहेर राहिला. त्याचीच वस्तू घरी लपवावी लागे, आणि दुकानातून विकत घ्यावी लागे.

कोकणाचा अनुभव याहून निराळा नाही. १८९२ च्या मोहरा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. म्हणजे झाड रानात, फूल अंगणात, आणि मनाई सरकारच्या दप्तरात!

आमच्या कोंकणी बांधवांना फेणीचे उदाहरण जवळचे वाटेल. २००९ मध्ये काजूफेणीस भौगोलिक उपदर्शनाची नोंद मिळाली, आणि गावठी म्हणून हिणविलेल्या धंद्यास प्रतिष्ठा आली. मध्यप्रदेशानेही २०२१ मध्ये मोहाच्या दारूस वारसा-मद्याचा दर्जा देण्याचे जाहीर केले. पुढे आदिवासी बचतगटांना ती गाळून विकण्याचे परवाने मिळू लागले. आलिराजपूर व दिंडोरी येथे हा प्रयोग प्रथम झाला.

एवढ्याने प्रश्न सुटला असे आम्हांस वाटत नाही. घरगुती वापरापुरती मोकळीक वेगळी, बाजारात आपल्या नावाने विकण्याचा हक्क वेगळा. दुसरा हक्क मिळाला की दर्जाची व करांची जबाबदारीही येते. ती पेलण्यास भांडवल व शिक्षण लागते. ते न देता केवळ परवाना दिला, तर जुन्या मक्तेदाराच्या जागी नवा मक्तेदार येईल, एवढेच. आणि व्यसनाने उजाड झालेली घरे आमच्या डोळ्यांसमोर आहेत. त्यांचा विसर पडता कामा नये.

न्याय आणि संयम ही दोन्ही देवळाच्याच पायरीवर शिकविली जातात. एकास सोडून दुसरे धरणाऱ्याच्या हाती शेवटी एकही राहत नाही.