तराजू आणि पातेलं

१५ ऑगस्ट १९९५ला केंद्राची पोषण आहार योजना आली, तेव्हा आम्हा जिल्हा परिषदेच्या गुरुजींच्या हाती आला तो तराजू. हजेरी ८० टक्के भरली की पोरामागे महिन्याला तीन किलो तांदूळ. वाटपाच्या दिवशी पटावरची सगळी पोरं हजर! कुणी पिशवी आणायचं, कुणी आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. तांदूळ घरी गेला की अख्ख्या घराचा व्हायचा. त्यात गैर काही नाही; पण ज्याच्या नावावर तो मापला, त्याच्या पोटात किती गेला, हे कुणी सांगावं?

अन्न पोराच्याच पोटात जायला हवं तर ते शाळेतच वाढावं, हे तमिळनाडूला आधीच उमगलं होतं. तिथे मुख्यमंत्री कामराजांनी १९५६च्या सुमारास शाळेतच जेवण द्यायला सुरुवात केली आणि १९८२मध्ये मुख्यमंत्री एमजीआरनी त्याचा पसारा वाढवला. बाकी बहुतेक देश मात्र न्यायालयाला हलवावा लागला. २००१मध्ये सरकारी गोदामं धान्याने फुगलेली आणि राजस्थानात दुष्काळ, अशा वेळी पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबरला आदेश निघाला: प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला शिजवलेलं अन्न, किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातून किमान २०० दिवस.

मग आमच्याकडेही खिचडी रटरटू लागली. आधी चूल कुठे मांडायची इथपासून अडचण; धूर थेट वर्गात. तांदूळ, डाळ, मीठ-मिरचीचा हिशेब गुरुजींच्या माथी, आणि त्यापायी किती तास बुडाले ते वेगळंच. तरी मी खिचडीच्या बाजूने आहे, कारण खिचडीने पंगत आणली. तराजूपाशी प्रत्येक जण आपापली पिशवी घेऊन वेगळा उभा असायचा. इथे सगळ्यांना एकाच पातेल्यातलं, मांडीला मांडी लावून.

अर्थात, गावाला हे लगेच पचलं नाही. शिजवणारी कोणत्या जातीची, हे बघून काही घरांतून पोरांचे डबे येऊ लागले. २० एप्रिल २००४च्या आदेशात न्यायालयाने स्वयंपाकासाठी दलित, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना प्राधान्य द्यायला सांगितलं. माझ्या मते, कॅलरींच्या आकड्यांपेक्षा हे वाक्य अधिक धाडसी होतं. डबेवाली पोरंही भुकेच्या वेळी वास आल्यावर हळूच ताटली पुढे करायची. आयांना ते ठाऊक असायचं की नाही, देव जाणे!

पातेल्यामागच्या बाईची किंमत मात्र २००९मध्ये ठरली ती महिन्याला १००० रुपये, आणि तीही वर्षातले १० महिनेच. नाव काय, तर मानधन!