मद्रासचा उघडा समुद्र

चेन्नईच्या पोस्टिंगमध्ये एका फेब्रुवारीत सेलिंग क्लबच्या ताफ्याबरोबर दिवसभर किनाऱ्याने जायचा योग आला. सहा बोटी होत्या. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर बंदराबाहेर पडलो आणि मरीना, सांथोमचे शिखर, अड्यारचे मुख असे करत तिरुवान्मियूरच्या पुढे गेलो. तिथपर्यंत सात सागरी मैल. फार वाटत नाहीत, पण या दिवसांत इथला प्रवाह उत्तरेला वाहतो. तो तोंडावर घेत जायला जवळजवळ तीन तास लागले.

आपण कोकण पाहिलेली माणसे. वारा फिरला तर जयगड, दाभोळ, विजयदुर्ग, कुठेतरी खाडीत शिरायचे हे आपल्या डोक्यात पक्के. इथे मात्र उजव्या हाताला सरळ वाळू आणि फुटणाऱ्या लाटा. आसरा कुठेच नाही. चार्टवर ते दिसतेच, बोटीत बसल्यावर पोटात कळते.

आणि अशा जागी इंग्रजांनी १६३९ मध्ये ठाणे वसवले! जहाजे दूर नांगर टाकून उभी राहत. माल आणि माणसे किनाऱ्यावर येत ती मसुला नावेतून. तिच्या फळ्यांना खिळा नाही, सगळ्या काथ्याने शिवलेल्या. लाट आपटली की नाव लवते, फुटत नाही. कोळ्यांचे कट्टुमरम म्हणजे शब्दशः बांधलेले लाकूड. किल्ल्याला तटबंदी होती, तोफा होत्या, पण सगळी रसद या कोळ्यांच्या वल्ह्यांवर अवलंबून होती. लष्करी इतिहासात त्यांना दोन ओळीही मिळत नाहीत, हे मला खटकते.

सप्टेंबर १७४६ मध्ये ला बुर्दोने या फ्रेंच सेनानीने मद्रास घेतले. इंग्रजांना जे जमले नाही ते ऑक्टोबरच्या वादळाने केले. एका रात्रीत त्याची काही जहाजे बुडाली, काहींच्या डोलकाठ्या गेल्या, शेकडो माणसे मेली. ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर या किनाऱ्यावर आरमार ठेवायचे नाही, हा धडा सगळ्यांनाच ठाऊक होता. १७८२ मध्ये सफ्रेनशी झुंजून जर्जर झालेला ह्यूजचा ताफा दुरुस्तीला गेला तो थेट मुंबईला, कारण सुकी गोदी तिथे होती. म्हणजे कोरोमंडलच्या लढाईचा श्वास आपल्या मुंबईच्या गोदीत अडकलेला! तो ताफा नसलेले महिने मद्रासने कसे काढले असतील, याचा विचार फौजी माणसाने जरूर करावा. हैदरअलीचे सैन्य तेव्हा कर्नाटक प्रांतात फिरत होते.

बंदराचे काम १८७० च्या दशकात सुरू झाले आणि १८८१ च्या वादळाने ते मोडून टाकले. पुन्हा बांधले, तर दक्षिणेकडून येणारी वाळू भिंतीला अडून साचू लागली. मरीनाची रुंद चौपाटी त्यातूनच वाढली. मूळचे पूर्वेचे तोंड वाळूने भरू लागले म्हणून फ्रान्सिस स्प्रिंग यांनी ते ईशान्येला वळवले. १९११ मध्ये इथला यॉट क्लब काढणारेही तेच. एंजिनियर असावा तर असा.

दुपारी खारा वारा आग्नेयेकडून भरला, प्रवाहही पाठीशी आला आणि परतीला निम्माच वेळ लागला. बंदराच्या तोंडाशी आमच्या तांडेलाने उत्तरेकडे बोट केले. रोयापुरम, कासिमेडूचा किनारा. दक्षिणेला अडलेली वाळू तिकडे पोचत नाही, म्हणून समुद्र तो खातो. मसुला वल्हवणाऱ्यांच्या वंशजांच्या वस्त्यांपुढे आता दगडांचे बांध घातले आहेत.