असगरी, खिरद आणि आपल्या मुली

मुलींनी प्रेमकादंबऱ्या वाचाव्यात का? आपल्या घरांत हा प्रश्न आजही निघतो. तो नवा नाही.

डिप्टी नजीर अहमद यांनी १८६९ साली 'मिरात-उल-उरूस' प्रसिद्ध केली, ती मुलींना शहाणपण शिकवण्यासाठी. सरकारने तिला हजार रुपयांचे इनाम दिले. गोष्ट प्रेमाची नव्हतीच. अकबरी फूहड, तर धाकटी असगरी घर सावरणारी. तरीही पुढे मौलाना अशरफ अली थानवी यांच्या 'बहिश्ती जेवर'मध्ये ही कादंबरी मुलींनी टाळावयाच्या पुस्तकांच्या यादीत गेली. मुलींनी मात्र ती वाचलीच.

आज असगरीच्या जागी खिरद आणि कशफ आल्या आहेत. फरहत इश्तियाक यांची 'हमसफर' आणि उमेरा अहमद यांची 'जिंदगी गुलजार है' या कादंबऱ्यांवरील मालिका २०१४ साली 'जिंदगी' वाहिनीवरून भारतात पोहोचल्या. ज्यांना उर्दू लिपी येत नाही, त्या घरांनाही ही नावे ओळखीची झाली.

कशफ शिकते, सरकारी अधिकारी होते. खिरदवर सासू खोटा आळ आणते. नवरा अशर तिचे ऐकूनही घेत नाही. वर्षांनंतर संसार पुन्हा जुळतो आणि वाचणारी मुलगी सुखावते. दीडशे वर्षांनंतरही घर सांभाळण्याचे ओझे बाईच्याच सब्रवर!

म्हणून मुलीच्या हातातले पुस्तक हिसकावू नये. ती वाचत असेल तर भाषाही जगते. वाचून झाल्यावर तिला एवढेच विचारावे: अशरने आधी खिरदला का विचारले नाही?