मागील ड्रम ब्रेक

मागील ड्रम ब्रेक ही मोटारी व पिकअप वाहनांच्या मागील चाकांवर बसवली जाणारी, घर्षणावर चालणारी गतिरोधक यंत्रणा आहे. चाकाबरोबर फिरणाऱ्या ओतीव लोखंडाच्या ड्रममध्ये दोन अर्धवर्तुळाकार ब्रेक शू असतात. पेडल दाबताच व्हील सिलिंडरमधील दट्टे हे शू बाहेर ढकलतात आणि त्यांवरील लायनर ड्रमच्या आतील बाजूवर घासून चाक मंदावते. लुई रेनो यांनी १९०२ मध्ये अशा ब्रेकचा वापर केला.

टाटा एस (२००५) किंवा महिंद्रा बोलेरो पिकअप यांसारख्या मालवाहू गाड्यांत पुढे डिस्क व मागे ड्रम अशी रचना आढळते. ब्रेक लावताना भार पुढच्या चाकांकडे सरकतो, म्हणून मागे तुलनेने स्वस्त ड्रम पुरतो. त्यात हँडब्रेकही सहज बसतो. भरलेल्या पिकअपमध्ये मात्र मागील ब्रेकचा वाटा वाढतो. धाराशिव जिल्ह्यातील जळकोटवरून जाणाऱ्या सोलापूर–हैदराबाद महामार्गावर भरधाव गाडीसमोर गुरे आल्यास एकदाच जोराचा ब्रेक लागतो, तर खंबाटकीसारखा घाट उतरताना तो वारंवार लागतो. अशा वेळी ड्रम तापून प्रसरण पावतो, पेडल अधिक खोल जाते आणि पकड घटते. झिजलेल्या लायनरमुळे हा धोका वाढतो.

शू बदलणे

गाडी सपाट जागी उभी करून पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी अडथळे लावतात, गिअर न्यूट्रल ठेवून हँडब्रेक सोडतात. चाकाचे नट जमिनीवरच सैल करून मग जॅक लावतात. केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालणे जिवावर बेतू शकते, म्हणून खाली भक्कम स्टँड हवेच. ड्रम अडकल्यास ॲडजस्टर मागे फिरवून शू आत घेतात. अनेक ड्रमना त्यासाठी आटे पाडलेली छिद्रे असतात. त्यांत बोल्ट पिळले की ड्रम सुटून येतो.

आतली धूळ हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते कर्करोगकारक आहे. धूळ ओली करून पुसणे योग्य. ड्रम निघालेला असताना पेडल दाबू नये, अन्यथा दट्टे बाहेर येतात.

दोन्ही बाजूंचे शू एकाच वेळी बदलतात, परंतु एका वेळी एकच बाजू उघडतात. स्प्रिंगांची मांडणी विसरली, तर दुसरी बाजू नमुन्यास उपयोगी पडते. काही रचनांत पुढील व मागील शूच्या लायनरची लांबी वेगळी असते, तसेच डाव्या व उजव्या ॲडजस्टरचे आटे उलट असतात. ही अदलाबदल ही नवशिक्यांची नेहमीची चूक होय. लायनरवर ग्रीस लागल्यास चाक एका बाजूला ओढते, म्हणून ते फक्त बॅकिंग प्लेटवरील टेकूच्या जागी, अगदी थोडे लावतात. व्हील सिलिंडर ओला दिसल्यास नवे शू बसवण्याआधी गळती दूर करावी लागते. ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासापेक्षा तो अधिक झिजला असेल, तर लेथवर कातून उपयोग नाही, ड्रमच बदलतात.

ड्रम हाताने फिरताना हलका घासेल इतका ॲडजस्टर कसून हँडब्रेक तपासतात. ब्रेक ऑइलची नळी उघडली असल्यास हवा काढणे आवश्यक असते. रस्त्यावर नेण्याआधी उभ्या गाडीत पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून पाहतात आणि नंतर रिकाम्या जागी कमी वेगात काही वेळा ब्रेक लावून नवे लायनर ड्रमवर बसू देतात.