शोभिवंत मासे : प्रवास आणि गृहप्रवेश

हौसेने आणलेला मासा एक-दोन दिवसांतच दगावल्याचा अनुभव अनेक मत्स्यपालकांना येतो. दोष बहुधा विक्रेत्याला दिला जातो. परंतु लांबचा प्रवास सोसून सुखरूप आलेला मासा कित्येकदा पिशवी उघडल्यानंतरच्या अर्ध्या तासात धोक्यात येतो. हा धोका टाळण्यासाठी पिशवीत नेमके काय घडते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

बांधणी

भारतातील शोभिवंत माशांच्या व्यापाराचे प्रमुख केंद्र म्हणजे कोलकाता व लगतचा हावडा परिसर. तेथून मासे विमानाने वा रेल्वेने मुंबईसह देशभर जातात. रेल्वेने मुंबई गाठण्यास एका दिवसाहून अधिक काळ लागतो. त्यामुळे पाठवणीपूर्वी मासे २४ ते ४८ तास उपाशी ठेवले जातात. पोट रिकामे असल्यास विष्ठा व अमोनिया कमी तयार होतो. दुहेरी पिशवीत साधारण एक तृतीयांश पाणी आणि उर्वरित जागेत शुद्ध प्राणवायू भरतात. साध्या हवेत प्राणवायू २१ टक्केच असल्याने दीर्घ प्रवासास ती अपुरी पडते. लहान मासे अडकून चिरडू नयेत म्हणून पिशवीचे कोपरे दुमडून बांधतात. फायटर मासे परस्परांशी झुंजत असल्याने प्रत्येकाला स्वतंत्र पिशवी लागते. थर्माकोलच्या खोक्यात तापमान स्थिर राहते आणि अंधारामुळे मासे शांत राहतात.

पिशवीतील रसायन

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. बंद पिशवीत दोन्ही साठत जातात. कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्लधर्मी होते, म्हणजेच त्याचा सामू (पीएच) घटतो. अशा पाण्यात बहुतेक अमोनिया कमी घातक अशा अमोनियम रूपात राहतो. पिशवी उघडताच मात्र कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू वाढतो आणि तोच अमोनिया विषारी बनतो. २५ अंश सेल्सियस तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ झाल्यास हे प्रमाण पाच टक्क्यांवर जाते.

म्हणूनच दूरवरून आलेल्या माशाची पिशवी उघडून त्यात तासभर थेंब थेंब पाणी सोडत राहणे हितावह नाही. सवय लावण्याच्या या सद्हेतूने मासा विषारी पाण्यातच अधिक काळ राहतो.

घरी आल्यावर

टाकीचा दिवा बंद करून न उघडलेली पिशवी १५ ते २० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी. तापमान समान झाल्यावर पिशवी उघडून मासा जाळीने अलगद उचलावा आणि विनाविलंब टाकीत सोडावा. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. विक्रेत्याकडील पाण्याचा सामू, जडपणा आणि क्षारता आधीच विचारून टाकीचे पाणी शक्य तितके तसे तयार ठेवावे. खाऱ्या पाण्यातील माशांबाबत क्षारता जुळणे अत्यावश्यक असते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने काढून टाकावा.

जवळच्या दुकानातून तासाभरात आणलेल्या माशाबाबत अमोनियाचा धोका अल्प असतो. तेथे पिशवीत टाकीचे थोडे थोडे पाणी मिसळण्याची जुनी पद्धत चालू शकते.

नवा मासा दोन ते चार आठवडे स्वतंत्र टाकीत ठेवल्यास रोगाचा प्रसार टळतो. पहिल्या दिवशी खाद्य देऊ नये. मासा पृष्ठभागाशी धापा टाकत असल्यास वायुपंप वाढवावा आणि पाण्यातील अमोनिया तपासून त्याचे प्रमाण अधिक आढळल्यास काही पाणी बदलावे.