चिल्लरीचा माग

मॅथ्यू पटेल हरतो आणि त्याच्या जागी जमिनीवर चिल्लर उरते. स्कॉट पिल्ग्रिम ती वेचतो, मोजतो आणि वैतागतो, कारण एवढ्यात घरी जायचं बसचं तिकीटही येत नाही. ब्रायन ली ओ'मॅली या कॅनेडियन चित्रकाराच्या 'स्कॉट पिल्ग्रिम' या कॉमिकचा पहिला खंड २००४ साली आला, त्यातला हा प्रसंग.

ही चिल्लर आली जपानमधून. १९८९ साली टेक्नोस कंपनीने मारामारीचा एक व्हिडिओ गेम काढला, पुढच्या वर्षी तो अमेरिकेत 'रिव्हर सिटी रॅन्सम' नावाने पोचला. टोळ्यांची पोरं अंगावर येतात, ठोसे खाऊन आडवी होतात, दिसेनाशी होतात आणि मागे नाणी राहतात. ती घेऊन दुकानांच्या गल्लीत शिरायचं आणि खायचं. खाल्लं की ताकद वाढते. पुस्तक विकत घेतलं तर मारामारीचा नवा डाव येतो. मारामारी करायची ती पोटासाठी, हा त्या खेळाचा हिशेब.

ओ'मॅलीने तो हिशेब अचूक उचलला. त्याचा स्कॉट तेवीस वर्षांचा, बेकार, टोरांटोत मित्राच्या गादीवर अर्ध्या जागेत झोपणारा. रामोना फ्लॉवर्सशी जमवायचं तर तिच्या सात 'एक्स'ना, म्हणजे जुन्या जोडीदारांना, हरवावं लागणार; मॅथ्यू पटेल त्यातला पहिला. अशा मुलाच्या हातात पडणाऱ्या सुट्या पैशांना वजन असतं.

पण कॉमिकची खरी उंची मला किम पाइनच्या गोष्टीत दिसते. किम स्कॉटच्याच बँडची ड्रमर, शाळेतली जुनी मैत्रीण. दुसऱ्या खंडात शाळेच्या दिवसांची आठवण येते: किमला पळवून नेलंय, स्कॉट एकेका शत्रूला लोळवत पुढे जातो, शेवटी सायमन ली नावाच्या म्होरक्याला हरवून तिला सोडवतो. अगदी गेमसारखं. सहाव्या खंडात किम त्याला खरं काय झालं ते सांगते. सायमन ली साधा, निरुपद्रवी मुलगा होता, किमचं त्याच्याशी जमत होतं, आणि स्कॉटने त्याला विनाकारण मारलं होतं. इतकी पानं आपण ज्याला गंमत समजत होतो, तो एका मुलाने स्वतःशीच केलेला खोटेपणा निघतो. मी ते पान वाचून परत दुसऱ्या खंडाकडे गेलो होतो. चित्रं तीच होती, पण आता ती बघवत नव्हती.

या कॉमिकवरचा एडगर राइटचा चित्रपट १३ ऑगस्ट २०१० रोजी लागला. सहावा खंड आला त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी. मुख्य चित्रीकरण तर २००९ मध्येच उरकलं होतं. म्हणजे जे कॉमिकच्या मुळाशी होतं, ते चित्रपट बनताना छापलंच गेलेलं नव्हतं. राइटचं कसब मला मान्य आहे. नाण्यांचा खणखणाट, पडद्यावर उमटणारे गुण, संकलनाचा वेग, सगळं नेमकं आहे. तरीही मी थिएटरमधून खट्टू होऊन बाहेर पडलो. कॉमिकमध्ये वर्षभर चालणारी गोष्ट इथे धापा टाकत पळते. स्कॉटला जादा जीव मिळतो, तो शेवटची लढाई पुन्हा खेळतो आणि जाता जाता किमची माफी मागतो. क्षण चांगला आहे, पण त्यामागची चूक प्रेक्षकाला माहीतच नाही. आणि नेगा स्कॉट! कॉमिकमध्ये तो स्कॉटच्या विसरलेल्या चुकांचा काळा पुतळा. त्याच्याशी झुंजताना सगळं आठवतं, आणि दोघे एक होतात. चित्रपटात दोघे गप्पा मारत बाहेर येतात, एकत्र खायला जायचं ठरवतात, संपलं. प्रेक्षक हसतात. मला त्या हसण्याचा त्रास झाला.

चित्रपट पडला. सुमारे सहा कोटी डॉलर घालून जगभरातून पाच कोटीही आले नाहीत. पुढे मात्र त्याला जिवाभावाचे चाहते मिळाले.

२०२३ साली ओ'मॅलीच्या सहलेखनातली ॲनिमे मालिका आली, चित्रपटातल्याच नटांच्या आवाजात. तिच्या पहिल्याच भागात मॅथ्यू पटेल जिंकतो, स्कॉट नाहीसा होतो, आणि मग रामोनाच आपल्या एकेका 'एक्स'च्या दारात जाऊन उभी राहते.