जुन्या इंजिनांचे मोल

तेलीबांध्यावरून धमतरीस जाणारा अडीच फुटी लोहमार्ग बंगाल-नागपूर रेल्वेने १९०० साली सुरू केला. रायपूर-तेलीबांधा गाडी २०१७ साली थांबली. त्या रुळांच्या जागी आता रस्ता आहे. तेवढ्याच रुंदीच्या रुळांवर धावलेली इंजिने नागपूरच्या मोतीबाग संग्रहालयात २००२ पासून जपली आहेत. तराजूत घातल्यास त्यांची किंमत भंगाराची. परंतु ज्यांनी असल्या गाडीने माहेर गाठले, त्यांच्या लेखी ती अमोल होत. दर बदलीला सामान विकणारे आम्ही नोकरदारही आजोबांची ट्रंक विकीत नाही. संग्रहाचे मूळ ह्याच मायेत आहे. १९५६ पर्यंत रायपूरची राजधानी नागपूरच होती. म्हणून मोतीबागेतील मुक्या इंजिनांपुढे आम्हांस तेलीबांधाही आठवतो.